वरची चिप देवाची

ताराताईंच्या हाताखालून सत्तावीस वर्षांत नागपुरातले इतके कारकून गेले होते, की त्या कुठल्याही सरकारी कचेरीत शिरल्या तर निम्मी माणसं आपोआप पाठ ताठ करून बसत. धरमपेठेत दोन खोल्यांत त्यांचा टायपिंगचा वर्ग. चौदा यंत्रं, भिंतीवर कळपाटीचा मोठा छापील तक्ता, एक फळा, आणि खुर्चीत बसलेल्या ताराताई. पोरींनी टाइप केलेला कागद त्या हातात घेत, डोळे वरून खाली एकदा फिरवत आणि लाल पेन्सिल नेमकी चुकीवरच टेकवत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

पण १९८७ सालच्या उन्हाळ्यात हा दरारा कामी येईना. धरमपेठेतली पोरं उठता-बसता कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करू लागली होती. सकाळच्या बॅचला चौदा यंत्रांपुढे पाच पोरी बसत, आणि त्यातल्या दोघी तर घरी पंखा नाही म्हणून येत. ताराताईंनी महिनाभर हे पाहिलं, मग गाठीचं होतं-नव्हतं ते घालून एक कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवला. त्याच सुमाराला परीक्षा मंडळानं ठरवलं, की नागपुरात कॉम्प्युटरच्या परीक्षेचं एकच केंद्र द्यायचं. दोन वर्गांचे अर्ज गेले होते. एक ताराताईंचा आणि दुसरा समोरच्या गल्लीत नुकत्याच निघालेल्या चकाचक वर्गाचा. केंद्र मिळालं तर ताराताईंचा वर्ग तरणार होता. नाही मिळालं तर जूनमध्ये दाराला कुलूप लागणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मंडळानं दोन्ही वर्गांना एकच काम दिलं. आमच्या फ्लॉपीतला प्रोग्राम चालवा आणि आम्ही देऊ त्या यादीचं निकालपत्रक निरीक्षकांसमोर छापून दाखवा. फ्लॉपी घालून पाहिली तर कॉम्प्युटरनं 'मेमरी पुरत नाही' म्हणून सरळ हात वर केले.

"याचा अर्थ काय?" ताराताईंनी विचारलं.

उत्तरा ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, आणि आता कॉम्प्युटरपुरती त्यांची गुरू. तिनं झाकण उघडलं आणि आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका काळ्या चिपेवर बोट ठेवलं. "ताई, ही रॉम. हिच्यात जे आहे ते कारखान्यातच लिहिलेलं. वीज गेली तरी पुसत नाही."

"म्हणजे भिंतीवरचा तक्ता."

"आणि या ओळीत बसल्यात त्या रॅमच्या चिपा. वीज आहे तोवर यांना सगळं आठवतं. बटण बंद केलं की कोऱ्या."

"म्हणजे फळा," ताराताई म्हणाल्या. "मग आपला फळा लहान पडतो, एवढंच ना? दुप्पट करू. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

रडण्यासारखं एवढंच होतं, की असल्या चिपा तेव्हा नागपुरात मिळत नव्हत्या. ताराताईंचे थोरले भाऊ गणपतराव गांधीबागेत कापडाचे घाऊक व्यापारी. ते खरेदीला मुंबईला निघालेच होते. उत्तरानं त्यांना चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि खाली लिहिलं, 'एक संच'. शिवाय तोंडी बजावलं, "काका, नंबर नीट पाहा. अगदी अशीच दिसणारी दुसरी एक चिप असते. तिलाही पाय सोळाच, आपल्या खाचेत बसतेही छान, पण तिच्यात चौथाईच मावतं. आणि शेवटी पंधराचा आकडा पाहिजे, तो वेगाचा आहे." गणपतराव चहा पीत मान डोलावत होते. संच म्हणजे किती, हे विचारणं त्यांच्या व्यापारी बाण्याला शोभलं नसतं. आठ बिटांचा एक बाइट होतो, असं काहीतरी ती पोरगी मघाशी बोलल्याचं त्यांच्या कानावर होतं. तेवढ्यावर ते मुंबईला गेले.

रविवारी सकाळी ते परतले. नव्या हातरुमालाची घडी त्यांनी टेबलावर उलगडली.

"घे वं तारे, तुह्या मशीनची अक्कल आणली."

उत्तरानं मोजल्या, पुन्हा मोजल्या. "काका, या आठच आहेत. नववी कुठाय?"

"कोणती? ते तं वरची होती."

आता गणपतरावांच्या घरची एक रीत सांगायला हवी. घाऊक माल घेतला की वर एखादा नग सुटतो. बारा टॉवेलांवर तेरावा, शंभर रुमालांवर दोन. तो मिळवण्यासाठी गणपतराव घसा कोरडा करून भांडत, पण मिळाला की त्याला हात लावत नसत. वरचा नग देवाचा, हा त्यांच्या दुकानाचा तीन पिढ्यांचा नेम होता. तो नग दुकानात न्यायचाही नाही, आधी कापडगल्लीतल्या मारुतीच्या पेटीत टाकायचा.

"एक घंटा भाव केला त्याच्यासंग," गणपतराव अभिमानानं सांगू लागले. "म्हटलं, आठ घेऊन राहिलो तं वर एक काहून नाही देत? लय नाही-नाही म्हणे. मंग मायाकडे पाहून हसला आन् म्हणे, घ्या शेठ, नववी तुमच्यासाठी वर."

तो दुकानदार हसला नसता तरच नवल. संच मुळात नऊचाच असतो, आणि जे तसंही द्यायचंच होतं ते त्यानं मेहेरबानी म्हणून दिलं होतं.

"आता कुठं आहे ती?" ताराताईंनी विचारलं. त्यांचा आवाज परीक्षेतला झाला होता.

"देवाची ते देवाले. स्टेशनावरून सीधा देवळात गेलो, टाकली पेटीत."

निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यायचे होते. उत्तरा मशीनचं झाकण काढत म्हणाली, "ताई, एक उपाय आहे. आत एक बारीक खटका आहे. तो पाडला की मशीन नववीला विचारतच नाही. आठांवर चालतं."

"मग नववी हवी कशाला?"

"आठजणी आपापलं लक्षात ठेवतात. नववी फक्त आठांवर एक खूण करून ठेवते, सम की विषम. परत वाचताना ती खूण जुळली नाही, तर कोणीतरी चुकलंय असं समजून मशीन तिथंच थांबतं."

"म्हणजे ती स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही?"

"नाही. बाकीच्यांची चूक झाली का, तेवढंच बघते."

ताराताईंना त्या न पाहिलेल्या चिपेचा एकदम कळवळा आला. स्वतःच्या नावाचं एक पत्र कधी कुठल्या कचेरीतून निघालं नाही, आणि दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका धरण्यात सत्तावीस वर्षं गेली. मागं लोक काय म्हणतात तेही त्यांना ठाऊक होतं. खटका पाडून दिला की झालं, अशा वागणुकीची त्यांना चांगली सवय होती, आणि त्यामुळंच ती त्यांना मुळीच सोसत नव्हती.

"खटका पाडायचा नाही," त्या म्हणाल्या. "दादा, स्कूटर काढ."

मे महिन्याचं ऊन, मागं छत्री धरून बसलेली बहीण आणि पुढं अपराधी गणपतराव, अशी ती वरात गांधीबागेत पोचली. मारुतीच्या पेटीची किल्ली नत्थूजींच्या करदोड्याला असे. नत्थूजी सत्तरीचे, देवळाच्या पंचांतले सर्वांत जुने, आणि दिवसभर पेटीशेजारच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणं हा त्यांचा उद्योग.

"पेटी पुनवेले उघडते, बाई," ते म्हणाले. "अजून नऊ दिवस हायेत."

"उद्या सकाळी ती चिप नसली तर माझ्या वर्गाला कुलूप लागेल, नत्थूजी."

"देवाले देल्लं वापस मांगाचं नसते."

"चूक झाली गा नत्थूजी," गणपतराव म्हणाले.

"चूक तुमची, त्रास मारुतीले काहून?"

ताराताई चप्पल काढून ओट्यावर टेकल्या आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याला, शिकवायला बसल्यासारखं, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. फळा, आठजणी, आणि नववी.

नत्थूजींनी डोळे बारीक केले. "म्हणजे आठजणी काम करतेत, आन् हे नुसतीच पाहाते?"

"हो."

"आन् कोणी चुकलं तं?"

"सगळ्यांना थांबवते."

"मंग लोक हिले शिव्या देत असतीन."

"देतातच."

नत्थूजींचा हात करदोड्याच्या किल्लीवर गेला. ते म्हणाले, "एकतीस वर्षं झाले, या पेटीपाशी बसून राहिलो. घरचे म्हणतेत, हा म्हातारा करते तरी काय तिथं?" आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "उघडतो. पुनवेले पंचायले मी सांगीन. पन देवाची पेटी रिकामी नाही करत. ते चूक धरते म्हणता, तं चूक धरनारीच वस्तू ठेवा तिच्या जाग्यावर."

ताराताईंनी अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल काढली, क्षणभर पाहिली आणि पेटीत टाकली.

पेटीतून आधी सात हातरुमाल निघाले, मग लेंग्याच्या दोन नाड्या, मग एकच पायमोजा. एकच पायमोजा कोणाला वर मिळाला असेल, यावर तिघांनीही थोडा विचार केला. चिप घसरून तळाशी गेली होती. तेलाशेंदरात माखलेली, आणि तिचे तीन पाय वाकडे झालेले. वर्गात आणल्यावर टंकयंत्राचे खिळे पुसायच्या स्पिरिटनं उत्तरानं ती धुतली, चिमट्यानं पाय सरळ केले, चिपेवरच्या खाचेची बाजू पाहून बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावरचे हिरवे आकडे चढू लागले. जुन्या आकड्याशी सगळे पडद्यावर वाकले, पण आकडे थांबले नाहीत. दुप्पट झाले, मशीननं बारीक शीळ घातली, आणि गणपतरावांनी उत्साहात मारुतीचा जयजयकार केला.

सोमवारी आठला यायचे ते निरीक्षक साडेबाराला आले. समोरच्या वर्गानं त्यांना पोहे, लस्सी आणि गारेगार खोली असं सगळं देऊन अडकवून ठेवलं होतं. ताराताईंकडे कूलर होता, पण तो लावला की वीज मंदावे आणि कॉम्प्युटर कुरकुर करी. म्हणून कूलर बंद आणि मशीन सकाळपासून चालू, अशा भट्टीत निरीक्षक शरच्चंद्र पांढरीपांडे येऊन बसले. माणूस वाळका, चष्मा जाड, चेहऱ्यावर लस्सीचाही आनंद नाही. दाराशी पाच पोरी भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

त्यांनी दिलेली चाळीस नावांची यादी उत्तरानं भरली. छापायचं यंत्र करकरू लागलं. सात नावं छापली गेली, आणि सगळं थांबलं. पडद्यावर दोनच शब्द उरले होते: पॅरिटी चेक. म्हणजे नववीची खूण जुळली नव्हती.

"बंद पडलं," साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. "समोरच्यांचं एकदाही थांबलं नाही, बाई."

उत्तरा ताराताईंच्या कानाशी आली. "ताई, खटका पाडते. सगळं परत भरीन, पंधरा मिनिटांत छापून होईल."

जूनमधलं कुलूप ताराताईंना आत्ताच दिसत होतं, आणि ज्या चिपेसाठी देवाची पेटी उघडायला लावली तिनंच सर्वांसमोर तोंडघशी पाडलं होतं. पण ती उगाच थांबली असेल, हे मात्र त्यांचं मन कबूल करेना.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे बंद पडलेलं नाही. आतल्या कोणाची तरी चूक सापडली म्हणून थांबलंय. आम्ही तपासणी बंद करून परत छापतो. मग कसं न थांबता चालतं पाहा. छापलेलं मात्र मी वाचणार."

"चूक कागदावर येईलच असं नाही, ताई," उत्तरा घाबरून पुटपुटली.

"नाही आली तर नाही आली. पाड खटका."

या खेपेला मशीन कुठंच अडलं नाही. चाळीस नावं सुरेख, एका रेषेत छापून आली. साहेबांनी कागद फाडून घेतला, नजर फिरवली आणि पहिल्यांदाच थोडे खुलले. "छान! हे आधीच केलं असतं तर?"

ताराताईंनी हात पुढं केला. एका बाजूला मंडळाची यादी, दुसऱ्या बाजूला छापील कागद. त्यांचे डोळे वरून खाली निघाले. तेवीस नंबरवर त्यांचं बोट थांबलं.

"रोल नंबर तेवीस. तुमच्या यादीत सदतीस. इथं तेहतीस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि ओळ पाहिली. मग उगाचच म्हणाले, "पस्तीसला पास असतं."

"म्हणजे ही पोरगी नापास झाली," ताराताई म्हणाल्या. "स्वच्छ अक्षरात, न अडता. आणि तिच्या घरी कोणाला कळलंही नसतं की नापास ती नाही, एक चिप झाली."

उत्तरा तोवर झाकण उघडून आत डोकावत होती. नव्या ओळीतली पाचवी चिप तिनं उपसून उजेडात धरली. बाकी सगळ्यांच्या शेवटी पंधरा होतं, हिच्यावर वीस. ही धिम्या चालीची. थंड असेतोवर बाकीच्यांच्या मागं कशीबशी धावे, तापली की मागं राहून चुकीचं बोले. काल पहिल्यांदा बसवली तेव्हा मोजण्याच्या घाईत तो आकडा उत्तरानंही पाहिला नव्हता, आणि आता ती शरमेनं लाल झाली होती. गणपतरावांना मुंबईच्या दुकानदाराचं हसू दुसऱ्यांदा, आणि या वेळी नीट कळलं.

"ठगवलं गा त्यानं मले," ते कोपऱ्यातून म्हणाले. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

साहेबांनी आपल्या पिशवीतून आणखी एक लांब कागद काढला. "ही समोरच्या वर्गानं छापलेली. यादी तीच आहे. हीही बघून द्या."

ताराताईंनी कागद घेतला आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली. एक चूक सापडू दे, एकच. पाचही पोरींनी डोळे मिटले होते. ताराताईंनी एकदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या तोच कागद दुसऱ्यांदा वाचायला लागल्या, कारण त्यांच्याही मनात तेच होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. मग त्यांनी कागद परत दिला.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. पोरींकडे न पाहता त्यांनी पुन्हा सांगितलं, "एकही नाही. चांगली छापलीय."

"नक्की?"

"नक्की. त्यांच्या सगळ्या चिपा सारख्या असतील."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "मला ठाऊक आहे चूक नाही ते. तिथून निघण्याआधी दोनदा तपासली होती मी." त्यांनी वही उघडली, मघाशी लिहिलेली ओळ खोडली आणि लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, मशीन काय, आज त्यांनी आणलं, उद्या आणखी कोणी आणेल. पोटावर पाय येत असतानाही चूक नाही असं सांगणारं माणूस मंडळाला कुठून मिळायचं? ती वीस नंबरची चिप बदलून घ्या, आणि तुमची ती नववी चालू ठेवा. केंद्र इथं."

दाराशी टाळ्यांचा कडकडाट झाला. ताराताई गर्रकन वळल्या.

"टाळ्या काय वाजवता गं? बसा यंत्रांवर. परीक्षा तुमची आहे, माझी नाही," असं त्या पोरींवर ओरडल्या. पण आवाज मध्येच फुटला, चष्म्याआडून पाणी गालावर आलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच वर्गात त्यांना कोणी घाबरलं नाही.